गळतंय की जळतंय

आमच्या बाई पेशंटच्या आधी गाडी तपासत. जालन्याच्या मस्तगडातल्या बाळंतपणाच्या दवाखान्यात सकाळी बायका कण्हत बसलेल्या, आणि डॉक्टरीणबाई पदर खोचून बॉनेटमध्ये डोकं घालून उभ्या! इंजिनातलं तेल मोजायची दांडी ओढायची, पुसायची, पुन्हा बुडवून काढायची. मग टोकावरचा थेंब बोटांत चोळून नाकाशी न्यायचा. कचकच लागतेय का, पेट्रोलचा वास येतोय का, हे बघायचं. मी तिथे नर्स होते आणि मला त्या गाडीचा मनापासून राग यायचा. एकदा न राहवून बोलले, तर म्हणाल्या, "सुमन, ही आजारी पडली तर खेड्यातल्या बायकांकडे मी काय उडत जाऊ?"

गाडी त्यांच्या वडिलांची, निजामाच्या राजवटीतली, विलायती. सत्तर सालानंतर ती रस्त्यावर दिसली की लोक वाट सोडून उभे राहत. मानाने की भीतीने, कोण जाणे. गाडीत तेलाचा दाब दाखवणारा काटा होता आणि बाईंचा अर्धा जीव त्या काट्यात असे. त्यामुळे दवाखान्यात फार घोटाळे होत. "दाब उतरलाय गं!" अशी हाक आली की पेशंटचा की गाडीचा, हे कळायला मार्ग नसे. एकदा मी सलाइन घेऊन धावले, तर बाई गाडीखाली उताण्या.

तेल कमी होऊ लागलं तेव्हा मी म्हटलं, "अजून थोडं ओता, संपलं." बाई चिडल्याच. "गळतंय की जळतंय, ते आधी ठरवायचं. मग औषध." संध्याकाळी गाडीखाली त्यांनी वर्तमानपत्र पसरलं. सकाळी पाहिलं तर कागद कोरा, पण गाडी सुरू केल्यावर मागून निळा धूर. म्हणजे गळत नव्हतं, आतल्या आत जळत होतं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या होत्या. रशीद मिस्त्रीने हात वर केले. "इंजिन खोलतो बाई, पन सामान कुठून आणू? ह्या गाडीचं सामान आता कुठंच मिळून न्हाई राह्यलं."

माणसांनाही त्या हेच माप लावत. एक सून दिवसेंदिवस वाळत चालली होती, तपासण्या सगळ्या ठीक. बाई तिच्याकडे बघत राहिल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "हिचं गळत नाहीये, जळतंय. नवऱ्याला बोलावून घे." त्या नवऱ्याची त्या दिवशी जी हजेरी घेतली, ती मी विसरणार नाही.

औषध सापडेना, म्हणून बाईंनी पथ्य धरलं. डिकीत इंजिनच्या तेलाचा छोटा डबा ठेवायचा, प्रत्येक मुक्कामी दांडी बघायची आणि कमी पडेल तेवढं घालायचं. गाडी तशी ओढत ओढत चालली होती, घनसावंगीकडच्या त्या खेड्यातून निरोप येईपर्यंत.

पोरीची पहिलीच खेप, अडलेली. वाटेत काटा खाली आला होता, म्हणून पोचल्याबरोबर बाईंनी बॉनेट उघडलं, तेल घालायचं बूच काढलं, तेवढ्यात आतून किंकाळी आली. बाई तशाच पळाल्या. जाता जाता अंगणातल्या सासूला म्हणाल्या, "मावशी, डब्यातलं तेल तेवढं घाला त्यात."

बाईंचा डबा डिकीत होता. मावशींना माहीत होता तो घरातला डबा. दुष्काळानंतर पहिल्यांदाच करडई पिकली होती, आणि घाण्यावरून काढून आणलेलं ते तेल सुनेच्या बाळंतपणासाठी राखलेलं होतं.

बाळ झालं, पण रक्त थांबेना. जालन्याला नेण्यावाचून इलाज नव्हता. बाईंनी घाईने दांडी ओढली, ती वरपर्यंत सोनेरी.

"सगळा डबा घातला, बाई," म्हातारी म्हणाली. "हात आखडला न्हाई बघा."

बाईंनी क्षणभर डोळे मिटले. मला हलक्या आवाजात म्हणाल्या, "हे तापलं की चिकटतं. काढून टाकावं तर भरायला तेवढं तेल नाही. आणि ही पोर थांबायची नाही." मग म्हातारीकडे वळून म्हणाल्या, "छान केलंत मावशी. बसा गाडीत."

मागच्या सीटवर मी पोरीचं पोट दाबून धरलं होतं. गाडीत कढईतल्या भज्यांसारखा वास भरला होता, मागे धुराचा लोट, आणि इंजिन आतून ठोकत होतं. बाईंनी एकदाही काट्याकडे पाहिलं नाही. आम्ही पोचलो, पोर वाचली. गाडी मात्र दवाखान्याच्या आवारात जी बंद पडली, ती पडलीच. रशीदने वरचं झाकण उघडलं, आत बोट फिरवलं आणि झाकण पुन्हा लावून टाकलं. "पाकात बुडवल्यागत झालंय, बाई."

"त्या म्हातारीला सांगायला हवं," मी तणतणले. "बूच कुणी उघडं ठेवलं होतं?" बाई म्हणाल्या. तो विषय तिथेच संपला.

निरोप यायचे मात्र थांबले नाहीत. बाई एसटीने जाऊ लागल्या, पुढे बैलगाडीने. भोकरदनकडच्या एका वस्तीवर आम्ही पोचेपर्यंत उशीर झाला होता; दारात बायका तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. कुणी आम्हाला आत या म्हटलं नाही. परतल्यावर बाई कितीतरी वेळ हात धूत होत्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बंद गाडीची दांडी ओढून पुसत उभ्या होत्या. मला रडू आलं.

तेव्हाच ती म्हातारी फाटकातून आली. मागे सून, सुनेच्या कडेवर गुटगुटीत पोरगी. पिशवीतून तिने तेलाची बाटली काढली.

"गाडीला आणलंय बाई. हिच्यापायीच माझी सून हाये. माझ्या हातानं घालते."

माझ्या अंगाची लाही झाली. "आजी, तुमच्या त्या तेलानंच..."

"सुमन," बाई म्हणाल्या, "नरसाळं आण."

त्यांनी स्वतः बूच काढलं. म्हातारीने बाटली शेवटच्या थेंबापर्यंत उपडी केली, आणि बॉनेटला हात लावून तो कपाळाला लावला. "आता पळंल ना बराबर?"

"पळेल की," बाई म्हणाल्या, आणि पोरीला कडेवर घेऊन तोंड फिरवून उभ्या राहिल्या.

तेल हळूहळू खाली उतरत होतं. मी नरसाळं दोन्ही हातांनी धरून ठेवलं.