हेमचंद्रचा वन्स मोअर

हेमचंद्रला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: प्रेक्षकांतून उठलेला ‘वन्स मोअर’. पुण्यात नोकरी सांभाळून त्याने काढलेली नाटकं रिकाम्या खुर्च्यांपुढे झाली. कॉम्प्युटरच्या लाटेबरोबर टोकियोत निशी-कसाईला आला, तरी खाज गेली नाही. वॉर्डाचा हॉल घ्यायचा, ऑफिसातली पोरं रंगवून उभी करायची आणि बायकोला, नयनाला, पडद्याच्या दोरीशी. “मी हात खाली केल्याशिवाय दोरी ओढायची नाही.” एकदा नट संवाद विसरून रडकुंडीला आला, तरी ती नवऱ्याच्या हाताकडे बघत उभी राहिली होती.

लोक मात्र यायचे ते बटाटेवड्यांसाठी. मग त्याने जवळच्याच ग्योतोकुच्या एका जिममध्ये बॉक्सिंग बघितलं आणि डोक्यात किडा शिरला. मध्यंतरात एक लढत ठेवली. हॉल भरला. पुढच्या खेपेला नाटकाचं नावही न विचारता फोन यायला लागले, “मारामारी किती वाजता?”

त्या वर्षी ठरलेला भिडू आजारी पडला आणि हेमचंद्रची नजर अनुपवर गेली. अनुप नयनाचा धाकटा भाऊ, प्रोग्रामर, कॉलेजात बॉक्सिंग खेळलेला. नुकतंच त्याच्या उजव्या डोळ्यावर लेझर झालं होतं. डॉक्टरांचं जपानी नयनानेच त्याला आणि हेमचंद्रला मराठीत सांगितलं होतं, “डोक्याला मार बसला तर हा डोळा जाईल.”

“तीनच राउंड रे,” हेमचंद्र म्हणाला. “जिममधला तो मोरिता-सान नुसता हात टेकवणार. बोलणं झालंय.”

“भावजी, पण माझा डोळा...”

“डोळा कुठे पळून चाललाय? नोकरी कुणाच्या शब्दावर लागली, आठवतंय ना?”

अनुपने बहिणीकडे बघितलं.

“अहो, नको ना,” नयना म्हणाली.

“बरं, टॉवेल तुझ्या हातात. तो रिंगमध्ये फेकलास की लढत थांबते. मग तर झालं?” जाता जाता तो वळला. “माझा हात बघून टाक हं. उगाच घाईने विचका नको.”

तीन राउंड बोलल्यासारखे झाले. मोरिता ठोसे टेकवत होता, अनुप हसत होता. घंटा झाली. दोघं एकमेकांना वाकून नमस्कार करताहेत, तोच मागून कुणीतरी वडा चघळत ओरडलं, “वन्स मोअर!”

हां हां म्हणता सगळा हॉल ओरडायला लागला. बायका, पोरं, सगळेच.

हेमचंद्रचे डोळे भरून आले. तो रिंगमध्ये चढला, छातीवर हात ठेवून लवला आणि मोरिताला म्हणाला, “आणखी एक. आता खराखुरा.”

“दाइजोबु?” मोरिताने अनुपकडे बघून विचारलं. ठीक आहे ना?

“दाइजोबु, दाइजोबु!” उत्तर हेमचंद्रनेच दिलं.

पहिलाच ठोसा कानशिलावर बसला. अनुपचे हात गळाले. “ताई!”

नयनाने टॉवेल उचलला आणि सवयीने नवऱ्याच्या हाताकडे बघितलं. हात अजून छातीवरच होता. हेमचंद्र प्रेक्षकांकडे बघत होता. दुसरा ठोसा बसला. मग तिसरा. अनुप गुडघ्यांवर कोसळला, तेव्हा मोरिताच थांबला आणि पुन्हापुन्हा वाकून माफी मागायला लागला. टॉवेल नयनाच्या मुठीतच होता.

दुसरा अंक वेळेवर सुरू झाला.

डोळा गेला. हेमचंद्र हॉस्पिटलात फुलं घेऊन आला, स्टूल ओढून खाटेला टेकून बसला.

“ऐकलंस ना रे, अनुप? अख्खा हॉल! नयना, तू तरी सांग.”

“ऐकलं,” नयना म्हणाली.

अनुपने मान फिरवली. पट्टीची बाजू त्या दोघांकडे आली.