जड फाइल

रुग्णालयातून केतकीचा फोन आला तेव्हा मी हडपसरच्या घरी बायकोचा लॅपटॉप उघडून बसलो होतो. "बाबा, आई गेली," एवढंच आमची लेक म्हणाली. सुनंदाच्या शेवटच्या क्षणी मी तिच्याजवळ नव्हतो. एक फाइल शोधत होतो... जी सापडणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. याला आता दीड महिना झाला.

सुनंदा शाळेत हस्तकला शिकवायची. निवृत्त झाल्यावर केतकीने तिला फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर शिकवलं आणि ती स्क्रॅपबुकचे कागद बनवायला लागली. म्हणजे अल्बमच्या पानावर फोटोंच्या मागे जी नक्षी असते ना, ती. इरकलीचा पदर स्कॅन कर, पिंपळपानाची जाळी स्कॅन कर, कोऱ्या कागदावर मुद्दाम चहा सांडून त्याचा डाग स्कॅन कर, असे उद्योग दिवसभर चालायचे. मग ते सगळं एकावर एक रचून इतकं फिकट करायचं की वर ठेवलेला फोटो उठून दिसावा. कुणाचं बारसं, कुणाची साठी, ओळखीतल्या बायका हक्काने कागद मागायच्या आणि ही हौसेने द्यायची. "अगं, यात चित्र कुठाय? नुसत्या भिंती रंगवतेस," मी म्हणायचो. "अहो, भिंत नीट असली तरच फोटो शोभतो. गप्प बसा, नाहीतर पुढचा चहा तुमच्या पेपरवर सांडेन."

प्रत्येक कागदाच्या ती दोन फायली ठेवायची. जड फाइलमध्ये सगळे थर सुटे असत, हवा तो वेगळा काढता येई. हलक्या फाइलमध्ये सगळे एकजीव. "मळलेल्या कणकेतून पाणी परत निघतं का? तसं आहे हे," असं तिने मला एकदा समजावलंही होतं. मी पेपर वाचत होतो. एका कागदात तिने स्वतःलाच घातलं होतं. लग्नाआधीचा, पर्वतीच्या पायऱ्यांवरचा फोटो. पुढचा वाकडा दात दिसतो म्हणून ती जन्मभर ओठ मिटून फोटो काढून घेत आली. त्या एका फोटोत मात्र तोंडभर हसली होती. मूळ फोटो पुढे कपाटातल्या ओलीने गेला. कागदात तो उरला होता, इरकलीच्या खाली, अगदी फिकट.

तिची केमो सुरू झाली तेव्हा मला वाटलं, निदान लॅपटॉप तरी ठणठणीत करून ठेवू. तो फारच अडखळत चालायचा. सारख्या नावाच्या दोन-दोन फायली दिसल्या. मोठ्या तेवढ्या पुसल्या, वर कचरापेटीही रिकामी केली आणि स्वतःवर खूश झालो. पंधरा दिवसांनी रुग्णालयात ती म्हणाली, "अहो, मी गेले की पर्वतीवरचा फोटो लावा. हा आजारी चेहरा नको. वरचे थर काढलेत की निघेल. जड फायली आहेत ना?"

"हो, आहेत की," मी म्हणालो. तिने डोळे मिटले... निश्चिंत. खरं सांगायची हिंमत मला नंतरही झाली नाही आणि आता माफी मागायला समोर कुणी नाही.

तेराव्याच्या आधी मी सदाशिव पेठेतल्या एका स्टुडिओत हलकी फाइल घेऊन गेलो. तिथल्या बाईंनी बराच वेळ खटपट केली. "काका, थरांची फाइल असती तर मिनिटभराचं काम होतं. यातून हवा तर एखादा चेहरा तयार करून देते, पण तो त्यांचा नसेल." मी नको म्हणालो. तो कागदच छापून घेतला आणि चौकटीत बसवला.

हॉलमध्ये तो लावलाय, हार घालून. रोज सकाळी मी चष्मा काढून त्याच्या अगदी जवळ उभा राहतो. एखाद्या दिवशी पायऱ्या दिसल्यासारख्या वाटतात. दात कधीच दिसत नाही. काल शेजारच्या देशपांडे वहिनी आल्या होत्या. हाराकडे बघून हळूच म्हणाल्या, "फोटो बसवायचा राहिलाय वाटतं?"

"हो," मी म्हणालो. सुनंदालाही असंच पटकन म्हणालो होतो.