कोणाला विचारावं

दार उघडल्यावर बाई लगेच आत जात नसत. उंबऱ्यावर थांबत, चष्मा कपाळावर सरकवत आणि डोळे मिटून एक लांब श्वास घेत. मग म्हणत, "हं. वास बरा आहे." कधी तेवढंही न म्हणता सरळ कामाला लागत, आणि मग नव्या ग्रंथपालाला कळे की काहीतरी बिनसलंय. मला कळलं होतं, म्हणून सांगते.

बाई रत्नागिरीतल्या एका शाळेच्या निवृत्त ग्रंथपाल. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. स्वतःचं नाव कुठे दिसलं की त्या संकोचून दुसरीकडेच बघत.

मी देवरूखकडची. पत्रद्वारा पदवी घेऊन रत्नागिरीच्या एका हायस्कुलात ग्रंथपाल म्हणून लागले, तेव्हा नेमणूक अजून कायम व्हायची होती. शाळेत आम्हा ग्रंथपालांची जात एकटी असते. गणिताच्या शिक्षकाला अडलं तर शेजारच्या खुर्चीत दुसरा गणिताचा शिक्षक असतो. ग्रंथपालाला अडलं तर समोर शिपाई. म्हणून मी फोनवरच्या ग्रंथपालांच्या एका गटात शिरले आणि विचारलं, नव्या माणसाने कोणाला फॉलो करावं? तासाभरात यादी आली. वेबिनार, ब्लॉग, चॅनेल, सगळं. त्यात एक परदेशी बाई होती, ती मांडीवर मांजर घेऊन वर्गीकरण शिकवायची. मी सगळ्यांना फॉलो केलं. मांजरालासुद्धा.

त्या यादीत देवरूखच्या एका ग्रंथपालांनी नुसता एक फोन नंबर टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, आधी ह्यांना विचारा.

मी फोन केला. आपली ओळख सांगितली, संगणकावर नोंदी कशा चढवायच्या ते विचारलं. पलीकडून आवाज आला, "ते होईल गो. आधी सांग, तुझ्या खोलीला वास कसला येतो?"

मी म्हटलं, लायब्ररीला कसला वास असणार?

"मग तू अजून खोलीत शिरलीच नाहीस," बाई म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच आल्या.

बाईंचं वासाचं शास्त्र मला पुढे हळूहळू कळलं. खोलीला नुसता फिनेलचा वास आला तर तिथे कोणी येत नाही असं समजायचं. मुलांच्या घामाचा, डब्यातल्या लोणच्याचा, ओल्या दप्तरांचा वास आला तर लायब्ररी चालू आहे. डांबरगोळ्यांचा वास सगळ्यांत वाईट, कारण तो बंद कपाटाचा. तुम्ही म्हणाल ही काय पद्धत झाली. मीही म्हटलं होतं, मनात.

त्याच भेटीत त्यांनी मला त्यांची वही दिली. लांबट, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली. वर लिहिलेलं, 'कोणाला विचारावं'. आत एकेका अडचणीला एकेक पान, आणि त्या पानावर पुस्तकांची नावं नव्हती, माणसांची होती. पुस्तकबांधणीच्या पानावर एक म्हातारे बाइंडर, त्यांच्यापुढे 'सकाळी जा, दुपारी चिडतात'. माशांच्या नावांसाठी मिरकरवाड्याच्या बंदरावरची एक मासे विकणारी. एका चित्रमय पुस्तकात हलवा माशाच्या चित्राखाली सरंगा ह्या दुसऱ्याच माशाचं नाव छापलं होतं, ते तिने ओळखून दिलं होतं. तेव्हापासून बाई मासळीवरचं कुठलंही पुस्तक विकत घेण्याआधी तिला दाखवून आणत. 'मुख्याध्यापक ऐकत नाहीत' असंही एक पान होतं. तिथे कोणाचंच नाव नव्हतं. खाली बारीक अक्षरात, 'मलाही जमलं नाही'.

वहीची एक रीत होती. नव्या ग्रंथपालाने ती पंधरा दिवस ठेवायची, हवं ते उतरवून घ्यायचं आणि परत देताना आपल्याकडचं एक तरी नाव आत लिहायचं. मी वही काही न लिहिताच परत केली. मला कोण ठाऊक होतं? बाईंनी पानं चाळली. "कोरीच आणलीस होय? राहू दे. सुचेल तेव्हा लिही."

खरं सांगायचं तर वही मी नीट उतरवूनही घेतली नव्हती. माझा जीव त्या चॅनेलांत. गणपतीनंतर शिक्षण खात्याची तपासणी होती आणि मला माझी लायब्ररी देखणी करायची होती. एका चॅनेलवर कुठल्याशा कोरड्या गावातल्या शाळेत पुस्तकांना पारदर्शक प्लास्टिकची कव्हरं घालून, कडा चिकटपट्टीने बंद करून दाखवल्या होत्या. काय चकाकत होती ती पुस्तकं! जून महिनाभर मी तेच करत बसले. चारही कपाटं. शिपाईकाका दोनदा म्हणाले की ह्या हवेत असं कोणी करत नाही. मी त्यांना व्हिडिओ दाखवला. मग डांबरगोळ्या टाकल्या आणि कपाटांना कुलूप लावलं. तपासणी होईपर्यंत पुस्तक बाहेर जाणार नाही, असं मुलांना सांगूनही टाकलं.

गणपतीची सुट्टी संपवून आले आणि पहिलं कपाट उघडलं. जांभ्या दगडाच्या भिंतीला टेकलेलं ते कपाट आतून ओलसर झालं होतं आणि प्रत्येक चकचकीत कव्हराच्या आत, कागदाला चिकटून, हिरवट करडी बुरशी आली होती. गोष्टींची नवी पुस्तकं, कोश, मुलांची मासिकं, सगळ्यांवर. प्लास्टिकने पाणी बाहेर ठेवलं नव्हतं, आत कोंडलं होतं.

तपासणी बारा दिवसांवर होती. नोकरी गेलीच, असं मी धरून चालले. घरी सगळ्या गावाला पेढे वाटून झाले होते. तोंड कसं दाखवायचं ह्या विचाराने मी राजीनामा लिहिला, पर्समध्ये ठेवला आणि मग, कसं कोण जाणे, बाईंना फोन केला.

बाई आल्या. उंबऱ्यावर थांबल्या, चष्मा वर, लांब श्वास. मग त्यांनी पिशवीतून दोन जुनी सुती पातळं काढली आणि त्यांचे हातरुमालाएवढे तुकडे फाडायला घेतले.

मी रडत होते. "मुख्याध्यापकांना काय सांगू, बाई?"

"ते तू ठरव. मी कोणाला सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "आता रड पुरे, कात्री आण."

मुख्याध्यापकांना मी 'पावसाने ओल आली' एवढंच सांगितलं. बाईंनी नववीच्या मुली मागून घेतल्या. सगळ्यांच्या तोंडाला रुमाल. पुस्तकाचं प्लास्टिक कापून काढायचं, पुस्तक व्हरांड्यात पंख्याखाली उभं उघडायचं आणि वाळलं की एकेक पान कोरड्या फडक्याने पुसायचं. दाबून नाही, घासून नाही. मधेच पावसाची उघडीप मिळाली की सगळ्या खिडक्या उघडायच्या. कपाटं शिपाईकाकांनी भिंतीपासून हातभर पुढे ओढली. ओढताना त्यांनी माझ्याकडे एकदाच बघून घेतलं, पण व्हिडिओचा विषय काढला नाही. त्यांचे उपकार आहेत.

तिसऱ्या दिवशी मी ओरडले, कारण मुलींचा हात चालत नव्हता. बाईंनी मला दंडाला धरून बाजूला नेलं आणि म्हणाल्या, नीट बघ. बघितलं तर मुली पान पुसायच्या आणि पुसलेलं पान वाचायच्या. पान पुसल्याशिवाय पुढची गोष्ट कळत नाही म्हणून पुढचं पुसायच्या. एक मुलगी मैत्रिणीला सांगत होती की हे पुस्तक माझं आहे, तू दुसरं पूस.

पाचपन्नास पुस्तकं गेली, ती गेलीच. बाकीची वाचली, पण कव्हरं डागाळलेली. तपासणीच्या दिवशी लायब्ररी मुळीच देखणी नव्हती. साहेबांना मात्र व्हरांड्यात पुस्तकं घेऊन बसलेल्या मुली दिसल्या आणि त्यांनी मुख्याध्यापकांजवळ 'वाचनाच्या उपक्रमा'चं कौतुक केलं. मुख्याध्यापकांनी माझं केलं. मी मान खाली घालून ते ऐकून घेतलं. खरं सांगायचा तोच क्षण होता आणि मी तो घालवला. पुढे नेमणूक कायम झाली. पण कोणी ग्रंथालयाची स्तुती केली की आतून काहीतरी टोचायचं. बाईंनी मात्र शब्द पाळला. त्यानंतर आठ वर्षांत त्यांनी हा विषय माझ्यापुढेही कधी काढला नाही. दर पावसाळ्यात एकदा यायच्या, वास घ्यायच्या, "हं," म्हणायच्या, चहा घ्यायच्या आणि जायच्या.

गेल्या माघात बाई गेल्या. झोपेतच. आम्ही सात-आठ ग्रंथपाल त्यांच्या घरी गेलो, तेव्हा मी वहीची चौकशी केली. सून म्हणाली, ती घरात नाही. कोणातरी नव्या पोरीकडे आहे, पंधरा दिवसांच्या बोलीवर. मला बरं वाटलं. आणि आठवलं की माझ्याकडचं एक नाव तिच्यात लिहायचं राहूनच गेलं.

ह्या श्रावणात शाळेत एक फोन आला. गुहागर तालुक्यातल्या, अंजनवेलजवळच्या एका शाळेतली नवी ग्रंथपाल. आवाजावरून रडून झालेली वाटली. म्हणाली, बाईंच्या वहीत बुरशीच्या पानावर तुमचं एकटीचंच नाव आहे.

माझे कान तापले. आठ वर्षं मी जे लपवलं, ते हातोहात सगळ्या जिल्ह्यात फिरत होतं. बाईंनी कोणाला सांगितलं नव्हतं, लिहून ठेवलं होतं. क्षणभर मला त्यांचा रागच आला. मग विचारलं, नावापुढे काही लिहिलंय का?

ती वाचू लागली. "लिहिलंय, 'हिला विचारा. हिची चूक स्वतःची आहे, त्यामुळे खरं सांगेल.'"

समोर व्हरांड्यात मुलं बसली होती, कोणाच्या तरी डब्यातल्या लोणच्याचा वास येत होता. आता मला बाईंची फार आठवण येत होती.

"मॅडम, आहात ना?" ती म्हणाली.

"आहे गो," मी म्हटलं. "आधी सांग, तुझ्या खोलीला वास कसला येतो?"

तिने कपाट उघडल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "डांबरगोळ्यांचा."

मी खुर्ची ओढली आणि तिला अगदी पहिल्यापासून, त्या चकाकणाऱ्या कव्हरांपासून, सांगायला सुरुवात केली.