पेन्चोच्या दारावरची नात

सोफिया शहरातल्या त्या गल्लीचा भाव शाळेनं चढवला होता. शाळा टोकाला. इथं पहिलीत शिरलेलं पोर पुढं चांगल्या हायस्कुलात जातं, तिथनं विद्यापीठात, असा लोकांचा हिशेब. आणि पहिलीत शिरायचं तर पत्ता याच गल्ल्यांतला हवा. मग काय, कोंबड्यांच्या खुराड्यालाही गिऱ्हाईक यायला लागलं. ज्यांना घर झेपत नव्हतं ते नुसता पत्ता विकत घेत. समोरच्या नेव्हेनाबाईच्या दोन खोल्यांत कागदावर इतकी पोरं झोपत, की खरोखर झोपली असती तर मजला खाली आला असता.

गेर्गिना म्हातारीनं मात्र पत्ता विकला नव्हता. विकणार कशी? तो तिला फुकटात मिळालेला. तरुणपणी ती डोंगराकडच्या खेड्यातून सूतगिरणीत आली, तेव्हा राजधानी सोफियात राहायला सरकारी शिक्का लागायचा. शिक्का नाही, तर बोचकं उचल आणि माघारी जा. जोडे शिवणारा लंगडा पेन्चो तेव्हा म्हणाला होता, "माझ्याशी लग्न लाव, शिक्का मिळंल. पटलं न्हाई तर पुढं सोडून जा." तिनं पत्त्यासाठी लग्न केलं. सोडून जायचं राहूनच गेलं. मूल झालं नाही, पण त्या माणसानं जन्मभर तिच्या पायाला फोड येऊ दिला नाही.

गेल्या ऑक्टोबरात पेन्चो गेला. मेलेल्याच्या आठवणीचा छापील कागद चाळिसाव्या दिवशी, सहा महिन्यांनी आणि वर्षानं दारावर लावायची तिथली रीत. चाळिसाव्याचा कागद रस्त्याकडच्या दारावर लागला. वर फोटो, खाली दुःख करणाऱ्यांची नावं. नाव एकच: बायको गेर्गिना.

कोपऱ्यावरच्या दुकानात बानित्सा, म्हणजे चीज भरलेले पापुद्रेदार रोट, भाजणारी रालित्सा तो कागद रोज बघायची. राहायला लांब ल्युलिनच्या वस्तीत, नवरा परदेशात जाऊन तिकडचाच झालेला, आणि पदरी बिल्याना नावाची पोरगी. सकाळी पोरगी दुकानात पिठाच्या पोत्यावर बसून पेंगायची. नेव्हेनाबाईचा भाव ऐकून रालित्सा रडत परत आली, तेव्हा गेर्गिना दुकानात उभी होती.

"रडतीस कशाला गं? माझ्याकडं घाल पोरीचं नाव."

"आजी, पैसे हप्त्यानं दिले तर..."

"पैसं नगं. त्या बानित्सात चीज जरा सढळ हातानं घालत जा. नुसती हवा खाऊन माझं पोट फुगतंय."

मायलेकींची नावं त्या पत्त्यावर चढली. पण वसंतात बातमी आली, की पोलीस घरोघर फिरून पोरं खरंच राहतात का ते बघणार. खोटं निघालं तर शाळेतली जागा गेली. रालित्साच्या तोंडचं पाणी पळालं. म्हातारी कंबर कसून उठली. पलंगावर छोटी उशी टाकली, खुंटीवर फ्रॉक लटकवला, उंबऱ्याच्या आत बाजारातनं आणलेल्या लाल सपाता मांडल्या. तरी तिचं समाधान होईना. त्याच आठवड्यात पेन्चोची सहामाही होती. खेड्यातली बाई ती. सरकारदरबारी कायबी लिहितात, पण मेलेल्या माणसाच्या नावाखाली कुणी खोटं लिहीत नाही, हे तिनं आईच्या दुधासोबत घेतलेलं. पोलिसालाही ते ठाऊक असणार. तिनं नव्या कागदावर छापून घेतलं: बायको गेर्गिना आणि नात बिल्याना.

नेव्हेनाबाई दारासमोर थबकली. "अगं बया! चाळिसाव्याला एकटी होतीस, सहामाहीला नात कुठनं उगवली? पेन्चो वर जाऊन आजोबा झाला काय?"

"तुझ्या घरात तर बिनआईची पंधरा उगवलीत. त्यांचं बारसं कर आधी."

दुसऱ्या दिवशी पोलीस स्तामेन आला. कागद वाचून त्यानं टोपी काढली. याच गल्लीत वाढलेला. त्याच्या लहानपणीच्या बुटांना पेन्चोनंच टाचा ठोकलेल्या. तो आत आला. उशी बघितली, फ्रॉक बघितला. मग वाकून एक सपात उचलली आणि उलटी केली.

"तळ कोरा हाय, काकू. पेन्चोकाकांची बायको असून हे सुचलं नाही?"

 म्हातारी पलंगावर टेकली. उशी मांडीवर घेतली. "साहेब, पोरीचा काय गुन्हा? माझं नाव लिही. मला नेऊन कोठडीत बसव."

"तुम्हाला नेऊन मी काय करू? उलट आम्हालाच तुमचं जेवण बनवायला लावाल." स्तामेननं सपात जागेवर ठेवली. "काकांना मूल नव्हतं, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक हाय. तरी तुम्ही त्यांच्या नावाखाली लिहिलंत. वर्षाच्या कागदावर काय लिहिणार?"

"हेच."

"खरं?"

"त्याच्या फोटोखाली मी खोटं लिहीन व्हय?"

"मग लिहिलंय ते खरं करा. मी परत येणार. येईन तेव्हा सपाता उलट्या करून बघणार." त्यानं टोपी घातली आणि जिना उतरला.

त्याच संध्याकाळी बिल्याना बोचकं घेऊन आली. पहिल्या रात्री हुंदके देत झोपली. म्हातारीला वाटलं, झक मारली आणि ही ब्याद गळ्यात घेतली. सोमवार ते शुक्रवार पोरगी इथं, शनिवार-रविवार आईकडं. ती डाळीच्या सुपात ब्रेड बुडवून टेबलभर सांडायची, पेन्चोच्या हातोडीनं अक्रोड फोडायची, आणि दिवसभर लाल सपाता फटक फटक वाजवत फिरायची. स्तामेन दोनदा येऊन गेला. दुसऱ्या खेपेला तळ बघून म्हणाला, "आता नव्या घ्या."

पोरीला शाळेत जागा मिळाली.

ऑक्टोबरात वर्षाचा कागद लागला. पेन्चोच्या नावानं उकडलेल्या गव्हांत साखर, अक्रोड घालून बिल्याना दारात कप वाटत होती. शाळेत जाऊन जेमतेम महिना झालेला. सगळी अक्षरं काही येत नव्हती. नेव्हेनाबाईनं गहू चघळत कागदाकडं बोट केलं. "काय लिहिलंय गं? वाच की, एवढ्या महागाच्या शाळेत जातीस."

पोरगी टाचा उंचावून उभी राहिली. वरच्या ओळी तिनं सोडून दिल्या. शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं.

"हे मी आहे," ती म्हणाली.

नेव्हेनाबाईनं कप पुढं केला. "घाल अजून थोडे. गोड झालेत."