महालक्ष्मीच्या साडीखाली मंगूचं जेवण

आमच्या अमरावतीच्या घरी माझ्या लेकीचा फोन रोज येतो, पण तो माझ्यासाठी नसतो.

तो मंगूसाठी असतो. मंगू म्हणजे दाढीवाला सरडा. दुकानात त्याला बिअर्डेड ड्रॅगन म्हणतात. ऋतुजानं तो बोटभर असताना आणला, त्याचे लाड केले, आणि पुण्याला नोकरी लागल्यावर खोलीमालक प्राणी ठेवू देत नाही म्हणून आमच्या गळ्यात मारून निघून गेली. (पोरगी गेली, सरडा राहिला. या अदलाबदलीत मी पार बुडाले.)

"आई, मंगू जेवला?"

"जेवला. मी पण जेवली."

"त्याले दाखव ना जरा."

मग मी काचेच्या पेटीसमोर फोन धरून उभी राहते. त्या दोघांच्या गप्पा होतात आणि त्यात माझा फक्त अंगठा दिसतो.

मंगूचं जेवण म्हणजे जिवंत रातकिडे. वाढत्या वयाचं लेकरू, त्याला रोज लागतात. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको, असा लेकीचा दंडक. त्यामुळे आमचे यजमान, पेशानं वकील, चष्मा लावून फूटपट्टी घेऊन बसतात.

"हा जरासा मोठा वाटते."

"वाटते म्हणजे? लवकर सांगा, पळून राहिला तो."

मग किड्यांना कॅल्शियमची पावडर लावायची. ते मी एका स्टीलच्या डब्यात टाकून खळखळ हलवते. (पूर्वी त्या डब्यात चिवडा असायचा. आता पाहुणे येतात ते चिवडा नको म्हणतात.)

यंदा महालक्ष्म्यांना ऋतुजा येणार नव्हती. रजाच नव्हती. जन्मल्यापासून पहिल्यांदा तिच्याशिवाय मखर उभं राहत होतं. देवींचं धड म्हणून ठेवायच्या कोठ्यांत गहू भरला, त्यांच्यावर मुखवटे ठेवले, साड्या नेसवल्या. निऱ्या दरवर्षी तीच काढायची. माझ्या हातून गबाळ्याच आल्या. पोरीची इतकी आठवण आली की तिथंच निऱ्या धरून बसावं आणि पोटभर रडावं असं वाटलं. पण रडायला सवड नव्हती, कारण अकोल्याहून नणंदबाई येत होत्या.

प्रमिलाताईंचं सोवळं म्हणजे कडक. सणाच्या घरात वळवळते किडे त्यांनी पाहिले असते तर महालक्ष्म्यांच्या आधी माझंच विसर्जन झालं असतं. मंगूची पेटी मी आतल्या खोलीत नेली. पण किड्यांचा डबा? तेवढ्यात फाटकाशी ऑटो थांबला, आणि मला घरातली एकच जागा सुचली जिथं ताई कधीही हात घालणार नाहीत. दोघींतल्या थोरलीच्या, ज्येष्ठेच्या साडीखाली, कोठीला लागून!

जागा खरंच पक्की निघाली. तासाभरात स्थापना झाली, आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. एकदा बसल्या की विसर्जनापर्यंत महालक्ष्म्यांना धक्का लावायचा नाही. आता तिथं माझाही हात जाणार नव्हता. वरून ताईंनी खुर्ची मांडली ती थेट मखरासमोर.

दुसऱ्या दिवशी पुरणाचा नैवेद्य. देवींना निवांत जेवता यावं म्हणून पडदा सोडला, सगळे गप्प उभे राहिलो. आणि पडद्याआडून किर्रर्र असा आवाज आला.

"सुमन, हे काय वाजून राहिलं?" ताईंनी विचारलं.

"पंखा असन."

"पंखा बंद हाय."

"बंद आहे म्हणूनच वाजत असन," वकीलसाहेब म्हणाले. (हा माणूस लोकांच्या केसेस लढतो.)

आतल्या खोलीत मंगू काचेला नाक लावून माझ्याकडे बघत होता. नैवेद्याच्या भाज्यांतला भोपळा किसून दिला, शेवग्याचा कोवळा पाला दिला. त्यानं तोंड फिरवलं. सणात नवे किडे तरी आणायचे कुठून? घरभर पुरणाचा वास आणि घरातलं एक लेकरू उपाशी! संध्याकाळी फोन आला तेव्हा मी सगळं सांगून टाकलं.

"कालपासून उपाशी? अन् त्याचे किडे कुठं आहेत?"

"महालक्ष्मीपाशी."

तिनं फोनच ठेवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. दारात ऋतुजा. पाठीला पिशवी, हातात अळ्यांचा डबा. जी रजा महालक्ष्म्यांना मिळत नव्हती ती सरड्याला मिळाली होती. मी दोन्ही हात पसरले. ती त्यांच्या खालून वाकून आत गेली.

तिच्या मागोमाग प्रमिलाताई आत आल्या आणि मी मनातल्या मनात माझं विसर्जन उरकून घेतलं. ताईंनी पेटीत डोकावून पाहिलं. अळीवर झडप घालणारा मंगू पाहिला. मग माझ्याकडे वळल्या.

"हा जीव दोन दिवस उपाशी हाय? महालक्ष्म्यांत? अन् मले पोळीवर पोळी वाढून राहिली होती तू?"

"ताई, त्याचे किडे ज्येष्ठेच्या साडीखाली..."

"मंग सांगाचं ना मले. मी देवीची माफी मागून काढून देले असते. आपल्या घरातून उपाशी जाते काय कोणी?"

तिकडे ऋतुजा चिमट्यात अळी धरून लाडीगोडी लावत होती, "घे बाळा, अजून एक. एकच." आणि तिच्या मागे मी ताट घेऊन उभी, "घे बाई, एक पोळी. एकच." मंगूनं निदान तोंड तरी उघडलं.

दुपारी विसर्जन झालं, किडे सुखरूप बाहेर आले. रजा एकाच दिवसाची, म्हणून संध्याकाळच्या बसनं पोरगी निघाली. ताईही त्याच बसनं अकोल्यापर्यंत. स्टँडवर बसमध्ये चढण्याआधी ऋतुजानं मला घट्ट मिठी मारली. मला सोडवेचना.

"आई, काळजी घेजो," ती म्हणाली. कोणाची ते सांगितलं नाही. मी आपली माझी समजले.

बस दिसेनाशी झाली तरी मी तिथंच उभी होते. वकीलसाहेबांनी रुमाल पुढं केला. एवढ्यात फोन वाजला. लेकीचा मेसेज. मी डोळे पुसले, चष्मा लावला आणि वाचलं: "आई, मंगूचा दिवा बंद केला का? त्याची झोपायची वेळ झाली."

केला नव्हता. मी वकीलसाहेबांना ओढत पहिल्या दिसलेल्या ऑटोत बसवलं आणि ऑटोवाल्याला म्हटलं, "भाऊ, जरा लवकर चला. घरी लेकरू एकटं हाय."