एक झेंडा, दोन पाळ्या

डिसेंबर आला की मॅनेजरसाहेब मला पदकं लावून यायला सांगायचे. एरवी मी भोसरीतल्या त्या वर्कशॉपच्या फाटकावरचा वॉचमन, माझ्या खाकी डगल्याला विचारतो कोण! पण ध्वजदिनाच्या निधीसाठी माजी सैनिकच डबा घेऊन उभा राहिला की लोकांचे हात खिशात जातात, असा त्यांचा हिशोब. उभं राहून राहून माझे पाय भरून यायचे. कंटाळा यायचा, चीडही यायची.

तरी एकाहत्तरच्या लढाईनंतर मी कुरकुर सोडली. तिच्यात माझा थोरला भाऊ गेला. वहिनी गावाहून माझ्याकडे आली आणि सैनिकांच्या विधवांसाठीच्या शिवणवर्गाला जाऊ लागली. वर्गात शिकवणाऱ्या बाईंचा पगार सरकार द्यायचं. शिकून झाल्यावर मिळणारं मशीन मात्र झेंड्यांच्या पैशातून यायचं. डबे भरले तर मशीन, नाहीतर पुढच्या वर्षी बघू, असं कचेरीतल्या कारकुनानं तिला तोंडावर सांगितलं होतं. मशीन आलं की लोकांच्या घरची धुणी सोडायची, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

डब्यात पैसे टाकले की कागदी झेंडा मिळायचा. फाटकावरची रीत अशी, की छातीवर झेंडा असेल त्याच्यापुढे डबा धरायचा नाही. त्या वर्षी दुपारच्या पाळीचे कागदी झेंडे मला तेलकट दिसले. टाचणीची भोकंही दोन-दोन. कुंपणापाशी जाऊन पाहिलं, तर सकाळच्या पाळीतून सुटलेला गडी आपला झेंडा काढून कामावर येणाऱ्याच्या शर्टाला लावत होता.

"लाजा वाटत न्हाईत का रे?" मी ओरडलो.

"राव, पगार व्हायचाय अजून," तो हसत म्हणाला. द्यायची हौस बेताचीच, त्यात पगाराआधीचे दिवस, म्हणजे आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. त्याचेही डोळे ओव्हरटाइमनं खोल गेलेले. त्याच्याशी काय भांडायचं?

निधी गोळा करायच्या शेवटच्या दिवशी पाळी बदलताना वहिनी माझी भाकरी घेऊन आली. तिनं स्टुलावरचा निधीचा डबा उचलला, हलवून पाहिला. समोरून माणसं आत चालली होती.

"भावजी, समद्यांच्या छातीवर झेंडा हाय की," ती म्हणाली. "मग डबा एवढा हलका कसा?"

डबा खाली ठेवून तिनं माझ्याकडं पाहिलं. पैसे मीच काढले का, असं ती विचारत होती. मी तिला कुंपणाकडं बोट दाखवलं. पण एव्हाना पाळी आत गेली होती. तिथं कुणीच नव्हतं.