आजोबांसाठी वाजवलेली घंटा

जर्मनी म्हणल्यावर तुम्ही सरसावून बसला असाल. आता हा किल्ले दाखवणार, राजवाडे दाखवणार, मधेच एखादी सोनेरी केसांची पोरगी पण येणार. बसा बसा. मी राहिलो त्या गावात सोनेरी केस फक्त चर्चमधल्या लाकडी देवदूताला होते, आणि माझी गाठ पडली ती सत्तरीच्या आजींशी.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. सिन्नरच्या आमच्या कारखान्यात जर्मन मशीन यायचं होतं. ते शिकायला आमचे सर आणि मी असे दोघं महिनाभर तिकडं. सरांनी नाशकात क्लास लावून थोडं जर्मन शिकून घेतलेलं. मला नुसत्या नकला येत होत्या. सिन्नर-नाशिक जीपमध्ये मी ड्रायव्हरच्या शेजारी बसून ड्रायव्हरचीच नक्कल करायचो. शाळाही तशीच निभावली होती, त्यामुळे वाटायचं, जगात एवढ्यावर भागतं.

गाव झकास. लाकडी पट्ट्यापट्ट्यांची घरं, एकमेकांवर रेललेली. चर्च तर इतकं जुनं, की पायऱ्या मधोमध झिजून वाटीसारख्या झालेल्या. रविवारी सगळं गाव बंद. मी एकदा रविवारी कपडे धुवून बाहेर दोरीवर टाकले, तर आजींनी खिडकीतनं बोट नाचवलं. रविवारी दोरीवर चड्डी दिसली की गावाची अब्रू जाते म्हणे.

या आजींच्याच घरी आम्ही राहायचो. आजोबा लय भारी माणूस. एक पाय ओढत चालायचे, चार पावलांवर थांबून टोपी मागं सारायचे आणि नाकातनं हसायचे. मी त्यांच्यासमोरच त्यांची नक्कल करायचो. ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे. भाषा नव्हती, पण आमचं जमलं होतं.

एका दुपारी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. शेजारच्या शहरात दवाखान्यात हलवलं. आजी रोज बसनं जायच्या, घरचं सूप घेऊन. परत आल्या की खुंटीवरची टोपी काढायच्या, झटकायच्या, पुन्हा तिथंच लावायच्या. बघवायचं नाही.

"सर, जरा धीर द्या ना त्यांना," मी म्हणलं.

"धीर नाही रे शिकवला क्लासमध्ये. रेल्वेचं तिकीट काढायचं शिकवलंय."

शनिवारी सुट्टी होती. म्हणलं, आपल्याच्यानं दुसरं काय होणार, निदान देवाच्या कानावर घालून येऊ. चर्च उघडं, आत चिटपाखरू नाही. बूट दारातच काढले. आता देवाकडं मागायचं तर आधी घंटा. आलोय हे कळवल्याशिवाय कसं मागायचं? मनोऱ्याखाली दोन दोर लोंबत होते, एक जाड, एक बारीक. आपण पाहुणे माणूस, म्हणून बारीक धरला. आणि आजोबांसाठी म्हणून जरा जास्तच वेळ वाजवली. मग हात जोडून म्हणलं, "देवा, म्हाताऱ्याला घरी आण."

डोळे उघडले तर दारात माणसं. बेकरीवाली पिठाच्या हातांनी आलेली. बाप्यांनी टोप्या काढलेल्या. कुणी ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांच्यातनं वाट काढत आजी आल्या, अंगावर एप्रन, हातात सुपाची पळी तशीच. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. दोर अजून हलत होता, त्याच्याकडं बघत राहिल्या आणि मटकन बाकावर बसल्या.

बारीक दोराची घंटा तिथं गावातलं माणूस गेलं की वाजवतात, हे सरांनी मला नंतर सांगितलं. पण आजींना काय वाटलंय ते कळायला भाषा लागत नव्हती.

मी मान हलवली. नाही नाही म्हणलं. मराठीत म्हणलं, हिंदीत म्हणलं, इंग्रजीत 'नो नो' केलं. संपल्या भाषा. मग मला जे येतं ते केलं. पाय ओढत चाललो, चौथ्या पावलाला थांबून नसलेली टोपी मागं सारली, नाकातनं हसलो. म्हणजे आहेत हो, असेच चालत येतील! पण बायकोसमोर तिच्या गेलेल्या माणसाची नक्कल, ती पण नुसत्या मोज्यांवर... आजी हुंदके द्यायला लागल्या. थांबलो तर त्यांना खरंच वाटणार, चालू ठेवलं तर त्या अजून रडणार. मी तसाच एक पाय मागं ठेवून उभा राहिलो.

तेवढ्यात सर पळत आले. दोराकडं बघितलं, मोज्यांकडं बघितलं, सगळं समजले. बेकरीतनं दवाखान्यात फोन लावला. नर्स म्हणाली, आजोबा जागे आहेत, आज सूप का नाही आलं विचारतायत.

सरांनी ते सांगितलं तशा आजी उठल्या. पळी माझ्या नाकासमोर आणून जी सुरुवात केली!

"काय म्हणतायत?" मी हळूच विचारलं.

"गाढव म्हणतायत. प्राणी झालेत आमचे क्लासमध्ये."

बराच वेळ गेला. "आणि आता?"

"अजून गाढवच चालू आहे."

मग आजींनी दारातले बूट आणून माझ्या पायांसमोर आदळले, डोळे एप्रनला पुसले आणि शेवटचं एक वाक्य माझ्या अंगावर टाकलं.

सर म्हणाले, "बूट घाल म्हणतायत, मेल्या. गारठून जाशील, आणि मग ती घंटा परत वाजवायला लागेल."